जाड पुठ्ठ्याला दोनदा

खोक्यांच्या त्या कारखान्यात माणसं चाळीस, यंत्रं सात आणि मास्तर एक. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत; शाळेशी त्यांचं सातवीतच बिनसलं होतं. पण गेल्या एकतीस वर्षांत त्या पत्र्याच्या छपराखाली जो कोणी कापणीच्या प्रेसवर लागला, त्याला पहिल्या दिवशी त्यांच्याच पुढ्यात आणून उभं केलं गेलं. म्हणून मास्तर. बायकोसुद्धा चिडली की त्यांना याच नावाने हाक मारायची.

प्रेसचं काम दोघांचं. पुढे दांडा धरून एक उभा, मागे दुसरा. पुढचा पुठ्ठ्याचा तक्ता आत सरकवतो. मागचा तो ओढून पोलादी पात्यांच्या साच्यावर नीट टेकवतो आणि हात बाहेर काढतो. मग पुढचा दांडा ओढतो, वरचा लोखंडी पाट खाली येतो आणि खोक्याचा आकार कापला जातो. दोघांच्या मधे तो पाट. त्यामुळे पुढच्याला मागच्याचं फक्त डोकं दिसतं, हात दिसत नाहीत. सगळा कारभार तोंडी.

आणि तोंडी म्हणजे किती, तर दोन शब्द. ते घालून दिले होते मुक्या मिस्त्रींनी. हे मिस्त्री म्हणजे मास्तरांचे मास्तर. मुके नव्हते, पण बोलायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. 'पाट बसू दे' एवढं लांबलचक वाक्य दिवसातून हजार वेळा कोण म्हणणार? त्यांनी ते छाटून 'बस' केलं. मागच्याने 'बस' म्हटलं की पुढच्याने दांडा ओढायचा. जाड पुठ्ठा एका दाबात कापला जात नाही, तेव्हा मागचा म्हणायचा 'बस बस', आणि पुढचा दोनदा ओढायचा. थांबायचं असेल तर 'थांब'. संपलं व्याकरण.

नव्या माणसाला हे सांगताना मास्तरांचा एक ठरलेला विनोद होता. "हे बघ," ते म्हणायचे, "इथं बस म्हटलं की माणसानं नाही बसायचं, पाटानं बसायचं. तू बसलास तर माझी नोकरी उठेल." नवा माणूस हसायचा. घड्याळकाकू हसायच्या नाहीत. त्या एकोणीस वर्षं प्रेसच्या मागे उभ्या होत्या, रोज घंटेच्या ठोक्याला दारात हजर म्हणून घड्याळकाकू, आणि हा विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की त्यांना त्याचा वीट आला होता. पण एकदा हसलेला माणूस तो शब्द जन्मात विसरायचा नाही. मास्तरांची शिकवणी एवढीच, आणि ती पुरत होती. एकतीस वर्षांत त्यांच्या प्रेसवर कुणाचं नखही दुखावलं नव्हतं.

मग प्रशिक्षण आलं.

थोरले मालक घरी बसले, धाकटे मालक खुर्चीत बसले, आणि त्याच वर्षी औषधांच्या एका मोठ्या कंपनीने इथली खोकी घ्यायची तयारी दाखवली. अट अशी की त्यांचे लोक येऊन तपासणी करणार आणि प्रत्येक कामगाराला रीतसर प्रशिक्षण दिल्याचा कागद बघणार. धाकट्या मालकांनी एक सल्लागार बाई आणल्या. बाई हुशार होत्या, बोलायला गोड होत्या, आणि प्रेसपासून दहा हात लांब उभ्या राहायच्या. त्यांनी सांगितलं, तुमच्याकडचं सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आहे, उद्या तो माणूस नसला तर काय कराल? ते डोक्यातून काढा आणि कागदावर आणा. धाकट्या मालकांना हे एकदम पटलं. मास्तरांना मात्र आपण जिवंत असतानाच कुणीतरी आपलं कपाट आवरायला काढलंय असं वाटलं.

"तुम्ही फक्त सांगायचं मास्तर," धाकटे मालक म्हणाले, "लिहून घ्यायला कुणीतरी देतो."

"माझी सून घेईल की," मास्तर पटकन म्हणाले.

त्यांना तिचं अक्षर मिरवायचं होतं. सून तीन महिन्यांपूर्वीच कारखान्यात लागली होती, चिकटवणीच्या टेबलावर. मुलगा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. नात पहिलीत गेली तशी सुनेने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, मला दिवसभर भिंतींकडे बघत बसवत नाही. तुमच्याकडे काही असेल तर सांगा." लग्नाआधी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. बाजारात अजून दोन दुकानांवर तिच्या हातच्या पाट्या होत्या, आणि त्यांच्यासमोरून जाताना नात दर वेळी ओरडायची, "आईची पाटी!" जसं काही ती आज पहिल्यांदाच दिसली.

रोज संध्याकाळी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर वही उघडायची. मास्तर सांगायचे, सून लिहायची. आपल्याला इतकं येतं हे मास्तरांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं आणि ते मनातून हरखून गेले. सून नुसती लिहीत नव्हती, खोदून खोदून विचारत होती.

"पातं बोथट झालं हे कसं ओळखायचं, बाबा?"

"आवाजावरून."

"आवाज वहीत कसा लिहू? कसा येतो सांगा ना."

मास्तरांनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. "ओला येतो," ते म्हणाले. "चांगल्या पात्याचा आवाज कोरडा. बोथट पात्याचा ओला."

तिने तसंच लिहिलं. तेल जळत आलं की येणारा वास लिहिला. पुठ्ठ्याला ओल लागली की तो बोटाला कसा लागतो ते लिहिलं. त्रेचाळीस पानं झाली. चौदाव्या पानावर सल्लागार बाईंनी सांगितलेला एक नियम घातला: मागच्या माणसाने दोन्ही हात डोक्याच्या वर उंच धरल्याशिवाय पुढच्याने दांडा ओढू नये. गोंगाटात तोंडी इशाऱ्यावर विसंबू नये, असं बाईंचं म्हणणं. नियम चांगलाच होता. मास्तरांनी तो मुकाट लिहू दिला आणि दुसऱ्या दिवशी घड्याळकाकूंबरोबर 'बस', 'बस बस' करत पहिल्यासारखे कामाला लागले.

तो शब्द मात्र त्या त्रेचाळीस पानांत कुठेच आला नाही. मास्तरांनी लपवला नाही. त्यांना सुचलाच नाही. माणसाला विचारलं तर त्याला जे येतं ते तो सांगतो. तोंडातून जे आपोआप निघतं तेही सांगायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात येणार?

लिखाण आटोपलं की त्याच टेबलावर जेवणं. सून भात वाढायची, मास्तर "बस बस" म्हणायचे आणि तिचा हात तिथल्या तिथे थांबायचा. जगात सगळीकडे त्या शब्दाचा अर्थ 'पुरे' होता. फक्त कारखान्याच्या दारातून आत गेलं की तो उलटा व्हायचा. एकतीस वर्षं मास्तर रोज दोनदा त्या दारातून ये-जा करत होते, आणि एकदाही ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती.

वहीची छापील प्रत निघाली. सगळ्यांना गोदामात बसवून पाऊण तासाची चित्रफीत दाखवली, मग वहीवर आधारित लेखी परीक्षा घेतली. सुनेला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मिळणारच, वही तिनेच लिहिलेली. चाळीस प्रमाणपत्रांवर 'प्रशिक्षण देणारा' या शब्दांखाली मास्तरांनी एका बैठकीत सह्या ठोकल्या. एकतिसावं प्रमाणपत्र सुनेचं होतं. तिथे त्यांनी सही जरा सावकाश आणि देखणी केली.

तपासणीला चार दिवस उरले असताना घड्याळकाकू एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तापाने आडव्या झाल्या. नमुन्याची खोकी तर त्याच दिवशी कापायची होती.

"सूनबाईंना उभं करा," धाकटे मालक म्हणाले.

"ती प्रेसवर कधी उभी राहिलेली नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, पुस्तक तिनं लिहिलंय मास्तर! चाळीस जणांत तिच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मास्तरांना हे आवडलं. खोटं कशाला बोला, त्यांची छाती फुगली. नव्या माणसाला प्रेसवर घेताना सांगायचा तो विनोद त्यांच्या ओठांवर आला होता. पण सुनेला काय तोच शिळा विनोद सांगायचा, आणि हिला तर सगळंच ठाऊक आहे, असं म्हणून त्यांनी तो गिळला.

सकाळ पुस्तकाबरहुकूम गेली. सून तक्ता टेकवायची, दोन पावलं मागे व्हायची, दोन्ही हात उंच धरायची. मास्तर दांडा ओढायचे. काम संथ होत होतं, पण नीट होत होतं. दर वेळी पाटाच्या वर तिचे दोन तळवे दिसायचे आणि मास्तरांना गंमत वाटायची.

दुपारच्या सुट्टीनंतर जाड पुठ्ठा आला. जाड तक्ता जड असतो, आत सरकवायला जोर लागतो. मास्तरांचा डावा हात तक्त्यावर, उजवा दांड्यावर. पलीकडून सून तक्ता ओढून घेत होती. तो तिसरा की चौथा तक्ता असेल. मास्तरांनी जरा जास्तच रेटला, आणि तक्त्याच्या कडेखाली धरलेली तिची बोटं पाटाखालीच, मागच्या लोखंडी पट्टीवर अडकून दाबली गेली. दुखलं तेव्हा ती ओरडली. दुसरं कुणीही जे ओरडलं असतं तेच ओरडली.

"बस बस!"

मास्तरांनी दांडा ओढला. दोनदा.

किंकाळी दोन्ही दाबांच्या मधे आली की नंतर, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. हातांना मात्र काही विचारावं लागलं नव्हतं. हात एकतीस वर्षांचे होते आणि वही होती दोन महिन्यांची.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि दरवाजाबाहेर कोण कोण उभं आहे हे न बघता बोलून गेले, "एकदाच पडलं असतं तर निदान दोन बोटं जोडता आली असती. दुसऱ्या घावानं सगळा चुरा झाला. दोनदा कसं काय पडलं?"

"जुनी प्रेस आहे," धाकटे मालक म्हणाले. "आपोआप उसळली असेल."

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. 

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा तेच उशाशी होते. तिने पट्ट्यांच्या गोळ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. रडली नाही. सासऱ्यांचा चेहरा बघून उलट तिलाच त्यांची कीव आली असावी.

"बाबा, मी ओरडले होते," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकूच गेलं नसेल ना? केवढा गोंगाट असतो तिथं."

मास्तरांनी मान हलवली. ऐकू गेलं नाही, अशी. त्या हलवलेल्या मानेची त्यांना पुढे इतकी लाज वाटली की दाढी करताना आरशात बघवेना.

मुलगा वाटेतून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन धावत आला. त्यानेही तेच विचारलं, आणि मास्तरांनी त्यालाही तशीच मान हलवली. आता घरात ही गोष्ट ठरूनच गेली होती. बायको आल्यागेल्याला सांगायची, "ती बिचारी ओरडली, पण यांना गोंगाटात ऐकू आलं नाही. कुणाला बोल लावणार?" ऐकणारा हळहळायचा. मास्तर उठून आतल्या खोलीत जायचे.

सून घरी आली आणि आठ दिवसांनी डाव्या हाताने लिहायला बसली. नातीची पहिलीची गिरवायची वही तिने पुढ्यात घेतली होती. नात शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून, मास्तरीण झालेली.

"असं नाही आई, आधी गोल. मग दांडी. तू उलटं करतेस."

"दाखव बघू पुन्हा."

"किती वेळा दाखवायचं!" नात शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाली, आणि सून हसली. जिच्या हातच्या पाट्या बाजारात लटकत होत्या, तिचा 'अ' ओळीतून घसरून वहीबाहेर चालला होता. मास्तर दारातून बघत होते. त्यांच्या मनात आलं, आत जाऊन सांगून टाकावं, मला ऐकू आलं होतं, तू म्हणालीस तेच मी केलं. पण सांगून तिच्या पदरात काय पडणार? ज्याला ऐकू गेलं नाही अशा सासऱ्याच्या घरात ती राहू शकत होती. ज्याने ऐकून दांडा ओढला, त्याच्या घरात कशी राहील?

अपघाताच्या सरकारी चौकशीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी धाकट्या मालकांनी मास्तरांना कचेरीत बोलावून दार लावून घेतलं. स्वतः खुर्ची पुढे सरकवली. एकतीस वर्षांत मास्तर त्या खोलीत पहिल्यांदा बसले.

"तिनं हात वर केले," धाकटे मालक सावकाश म्हणाले, पाढे म्हणून घेतल्यासारखे. "तुम्ही बघितले. तुम्ही दांडा ओढला. तेवढ्यात तिनं पुन्हा आत हात घातला. तुम्हाला काही ऐकू आलं नाही. एवढंच सांगायचं."

"म्हणजे चूक तिची."

"कागदावर. फक्त कागदावर, मास्तर. नियम तिनंच लिहिलाय, चौदाव्या पानावर, तिच्या अक्षरात. परीक्षा दिलीय, प्रमाणपत्र आहे. आपलं प्रशिक्षण चोख ठरतं. तुमची चूक निघाली तर प्रशिक्षण देणाराच नियम पाळत नव्हता असं होईल. तपासणी पुढे ढकललीय त्या कंपनीनं, मग ती इथं पाऊलही ठेवणार नाही. चाळीस घरं आहेत." ते थांबले. "आणि मला प्रशिक्षण प्रमुख नेमायचाय. टेबल, खुर्ची, वेगळी खोली. तुमच्याशिवाय कोण आहे?"

धाकटे मालक दुष्ट होते असं नाही. घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस फार समजूतदारपणे बोलतो. मास्तर "बघतो" म्हणून उठले.

घरी बायकोने त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं होतं; तिने सरळ सांगितलं, "उद्या जास्त बोलू नका. गोंगाट होता म्हणा आणि गप्प बसा. तिचीही समजूत आहे, मुलाचीही आहे. आता ती मोडून काय मिळवायचंय तुम्हाला?" 

चौकशी कारखान्यातच झाली, बंद प्रेसच्या शेजारी. अधिकारी पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. दिवसातली ही त्यांची तिसरी चौकशी होती आणि त्यांना जेवायची घाई होती. धाकटे मालक फाइल घेऊन उभे होते. सून चिकटवणीच्या टेबलाजवळ स्टुलावर बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. तिचं आधीच झालं होतं. मी ओरडले, पण त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांचा दोष नाही, असं तिने सांगितलं होतं. आणि डाव्या हाताने पहिलीतल्या मुलीसारखी सही केली होती.

"तिनं हात वर केले होते?" अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी धाकट्या मालकांकडे बघितलं. मग त्या सहीकडे. तिचा एक काना रेघेच्या खाली घसरला होता.

"नाही," ते म्हणाले.

"मग दांडा का ओढलात?"

"तिनं सांगितलं म्हणून."

धाकट्या मालकांनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय सांगितलं?"

"बस म्हणाली."

"बस म्हणजे पुरे. थांबा."

"बाहेर थांबा, साहेब. आमच्या प्रेसवर बस म्हणजे दाब. पाट बसव. तीस वर्षांचा शब्द आहे."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"स्वच्छ," मास्तर म्हणाले. त्यांना सुनेकडे बघायचं नव्हतं, म्हणून ते प्रेसकडे बघून बोलत राहिले. "तिचा आवाज मी ओळखतो. घरातला आवाज आहे."

अधिकाऱ्यांनी छापील वही उचलली, पानं उलटली, पुढून मागे, मागून पुढे. "कुठं लिहिलंय हे? बस म्हणजे दाब?"

"कुठंच नाही."

"का?"

"ते कुणी लिहितं का, साहेब?" मास्तर म्हणाले. "मी पहिल्या दिवशी तोंडानं सांगतो. प्रत्येकाला सांगितलंय. हिला सांगायचं राहिलं. हिलाच तेवढं राहिलं."

 अधिकाऱ्यांच्या छापील कागदावर चौकोन होते: कामगाराची चूक, चालकाची चूक, यंत्रातला दोष. त्यांनी पेनचं टोक तिन्ही चौकोनांवरून फिरवलं. शब्दासाठी चौकोन नव्हता. त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"अहवालात पाट दोनदा पडल्याचं आहे. यंत्र उसळलं का?"

इथे मास्तरांना गप्प राहता आलं असतं. चूक त्यांच्या नावावर लागलीच होती. सुनेवरचा बोल टळला होता. धाकट्या मालकांनी डोळ्यांनी विनवलंसुद्धा.

"यंत्र नाही उसळलं," मास्तर म्हणाले. "ती बस बस म्हणाली. पुठ्ठा जाड होता, साहेब. जाड पुठ्ठ्याला दोनदा."

स्टुलाचा पाय फरशीवर घासला. सून उभी राहिली होती. ती मास्तरांकडे बघत नव्हती, आपल्या हाताकडे बघत होती. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला आतापर्यंत घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिने पर्स डाव्या खांद्याला अडकवली आणि एकटीच दाराबाहेर पडली.

मास्तरांना त्याच दिवशी घरी बसवलं गेलं. मोठी कंपनी आली की नाही हे त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. घड्याळकाकू भेटायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या की प्रेसवर आता पाटी लावलीय: 'बस' हा शब्द उच्चारू नये. "मी तरी म्हणतेच," त्या म्हणाल्या. "तोंडातून जातच नाही मेला."

घरात कुणी आरडाओरडा केला नाही. मुलगा दोन दिवस बापाशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी ट्रक घेऊन गेला. बायको काम करताना भांडी आपटत होती. सून मात्र पहिल्यासारखीच वागत होती. उठत होती, नातीचे केस डाव्या हाताने जमतील तसे विंचरत होती, वहीत गिरवत होती. फक्त सासऱ्यांना तिने बाबा म्हणून हाक मारली नव्हती. हाक मारायची वेळच येऊ नये असं ती बघत होती.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. वाढायचं काम आता मास्तरांकडे होतं. त्यांनी ते आपण होऊन घेतलं होतं. त्यांनी सगळ्यांना भात वाढला, मग पाण्याचा तांब्या घेऊन सुनेच्या बाजूला आले आणि तिच्या पेल्यात पाणी ओतायला लागले.

पेला अर्धा भरला. पाऊण भरला. इथे कुणीही 'बस' म्हणालं असतं. मास्तरांचे कान त्या शब्दाची वाट बघत होते, आणि तो येऊ नये असंही त्यांना वाटत होतं. सून पेल्याकडे बघत होती. तिचे ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. पाणी काठाला आलं. मास्तरांचा हात थांबेना. तिने काही म्हटल्याशिवाय तो कसा थांबणार? पाणी काठावरून ओघळलं, टेबलावर पसरलं, नातीच्या ताटाखाली गेलं.

"आजोबा, सांडतंय!" नात ओरडली.

सुनेने मान वर केली आणि चौकशीनंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही हात, एक पाच बोटांचा आणि एक दोन बोटांचा, तिने डोक्याच्या वर उंच धरले.

"थांबा," ती म्हणाली.

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला.